"हे कशावरून?" : डीएनएच्या नकलेमागचे तीन प्रयोग

पीएचडी प्रवेशाच्या माझ्या मुलाखतीत पहिला प्रश्न ऐकून मी मनातल्या मनात खूश झाले होते. "पेशी आपल्या डीएनएची नक्कल कशी करते, सांगा." एमएस्सीला हा भाग मी इतक्या वेळा लिहिला होता की झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं. मी सुरू झाले. हेलिकेज दोन पेड सोडवतं, प्रायमेज आरएनएचा छोटा तुकडा बसवतं, पॉलिमरेज ३ पुढे जोडत जातं, एका पेडावर ओकाझाकी तुकडे तयार होतात, पॉलिमरेज १ आरएनए काढून टाकतं, लायगेज सांधे जोडतं. दोन मिनिटांत काम फत्ते.

समोरच्या मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "छान. पण हे असंच होतं, हे कशावरून?"

मी म्हणाले, "मॅडम, पुस्तकात तसं दिलंय."

त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पुस्तकात लिहिणाऱ्याला कसं कळलं?" यावर माझ्याकडे काहीच उत्तर नव्हतं. त्या वर्षी माझी निवड झाली नाही. पुढच्या वर्षी झाली. मधल्या वर्षात मी नवीन फारसं काही पाठ केलं नाही. जे पाठ होतं, त्यातल्या प्रत्येक वाक्यापुढे "कशावरून?" असं लिहून त्याचं उत्तर शोधत बसले. आजचा लेख त्याच वहीतून आलाय. नेट, सेट, पेट यांची तयारी करणाऱ्यांना आणि मुलाखतीला जाणाऱ्यांना तो उपयोगी पडेल असं वाटतं.

आधी थोडी उजळणी

डीएनए आणि आरएनए ही दोन्ही न्यूक्लिक आम्लं. न्यूक्लिओटाइड नावाचे घटक एकापुढे एक जोडले की त्यांची साखळी होते. प्रत्येक न्यूक्लिओटाइडमध्ये तीन भाग: एक साखर, एक फॉस्फेट आणि एक बेस. डीएनएमध्ये बेस चार: अॅडेनिन, थायमिन, ग्वानिन, सायटोसिन. आरएनएमध्ये थायमिनच्या जागी युरॅसिल असतो आणि साखरही थोडी वेगळी असते.

डीएनएमध्ये दोन पेड एकमेकांभोवती पिळलेले असतात. अॅडेनिनसमोर थायमिन, ग्वानिनसमोर सायटोसिन. म्हणजे एक पेड माहीत असला की दुसरा आपोआप कळतो. आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढे तीच आपल्याला अडवणार आहे. प्रत्येक पेडाला दिशा असते. एका टोकाला साखरेच्या पाचव्या कार्बनवरचं फॉस्फेट असतं, त्याला ५ प्राइम टोक म्हणतात. दुसऱ्या टोकाला तिसऱ्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट असतो, ते ३ प्राइम टोक. आणि दोन पेड उलट दिशांना तोंड करून असतात. दुपदरी रस्त्यावरच्या जाणाऱ्या आणि येणाऱ्या गाड्यांसारखे.

पहिलं "कशावरून": जुने पेड जातात कुठे?

वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची रचना १९५३ च्या एप्रिलमध्ये 'नेचर'मध्ये मांडली. जोड्या ठरलेल्या असल्यामुळे नक्कल कशी होत असावी हे त्या रचनेतूनच सुचतं, असं त्यांनी लगेच सूचित केलं. दोन पेड वेगळे व्हायचे, प्रत्येकासमोर नवीन पेड बांधला जायचा, झाल्या दोन प्रती. इतकी सुंदर कल्पना की ती खरी असलीच पाहिजे असं वाटतं. बहुतेक विद्यार्थी इथेच थांबतात. मीही थांबले होते. पण रचनेवरून एखादी गोष्ट सुचणं वेगळं आणि ती तशीच घडते हे दाखवणं वेगळं.

मॅक्स डेलब्र्युक यांना ही कल्पना पटली नव्हती. त्यांचा आक्षेप साधा होता: इतका लांब पिळलेला दोर उलगडायचा कसा? आपण आकडे घालून बघू. ई. कोलाय या जिवाणूच्या डीएनएमध्ये सुमारे ४६ लाख बेसजोड्या असतात. साधारण साडेदहा जोड्यांमागे एक पीळ धरला तर चार लाखांहून जास्त पीळ झाले. हे सगळे पाऊण तासाच्या आत उलगडायचे, तेही गुंता न होता. आज आपल्याला टोपोआयसोमरेज माहीत आहेत, पेड कापून, पीळ सोडवून परत जोडणारी एंझाइम्स, म्हणजे विकरं. तेव्हा ती माहीत नव्हती. म्हणून डेलब्र्युक यांनी सुचवलं की पेड ठिकठिकाणी तुटत असतील आणि जुने-नवे तुकडे मिसळून पुन्हा जोडले जात असतील.

अशा रीतीने तीन शक्यता समोर आल्या.

१. अर्धसंरक्षी: प्रत्येक प्रतीत एक जुना पेड आणि एक नवा.
२. पूर्णसंरक्षी: जुने दोन पेड एकत्रच राहतात, नवी प्रत पूर्ण नवी.
३. विखुरलेली: प्रत्येक पेडात जुने-नवे तुकडे मिसळलेले.

मॅथ्यू मेसेलसन आणि फ्रँकलिन स्टाल यांनी कॅलटेकमध्ये केलेला प्रयोग १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली युक्ती अशी की जुना डीएनए आणि नवा डीएनए वजनावरून ओळखू यावा. त्यांनी ई. कोलाय १४ पिढ्या अशा माध्यमात वाढवला की ज्यात नायट्रोजनचं जड समस्थानिक, नायट्रोजन-१५, होतं. सगळा डीएनए जड झाला. मग त्यात साधा नायट्रोजन-१४ भरपूर टाकला. त्यानंतर जे काही नवीन बनेल ते हलकं.

पण हा फरक मोजायचा कसा? जड आणि हलक्या डीएनएच्या घनतेत फरक जेमतेम एक टक्क्याच्या आसपास. त्यांनी सिझियम क्लोराइडचं दाट द्रावण घेतलं, त्यात डीएनए टाकला आणि मिनिटाला ४४,७७० फेऱ्यांच्या वेगाने सुमारे २० तास फिरवलं. फिरताना क्षार तळाकडे थोडा जास्त दाटतो, वर थोडा कमी, आणि घनतेची उतरण तयार होते. डीएनए आपल्या घनतेच्या पातळीवर जाऊन तरंगत राहतो. अतिनील प्रकाशात फोटो काढला की तिथे पट्टा दिसतो.

निकाल वाचण्याआधी एक काम करा. वही घ्या आणि तिन्ही शक्यतांप्रमाणे पहिल्या आणि दुसऱ्या पिढीनंतर काय दिसायला हवं ते स्वतः लिहा. खरंच करा, पाच मिनिटं लागतील.

पहिल्या पिढीनंतर: पूर्णसंरक्षी खरं असेल तर दोन पट्टे, एक जड आणि एक हलका. अर्धसंरक्षी खरं असेल तर बरोबर मध्ये एकच पट्टा. विखुरलेलं खरं असेल तरीही मध्ये एकच पट्टा.

प्रत्यक्षात मध्ये एकच पट्टा दिसला. म्हणजे पूर्णसंरक्षी शक्यता बाद. पण उरलेल्या दोन्हींचं भाकीत सारखंच असल्यामुळे पहिल्या पिढीवरून त्यांच्यात निवड करताच येत नाही. परीक्षेत खूप जण "पहिल्या पिढीत मधला पट्टा मिळाला म्हणून अर्धसंरक्षी सिद्ध झालं" असं लिहितात. ते चूक आहे.

दुसऱ्या पिढीनंतर: विखुरलेलं असेल तर पुन्हा एकच पट्टा, पण मधल्या आणि हलक्या पट्ट्याच्या बरोबर मध्यावर सरकलेला. अर्धसंरक्षी असेल तर दोन पट्टे, एक मधला आणि एक हलका, सारख्या प्रमाणात. प्रत्यक्षात दोन पट्टे आले. पुढच्या पिढ्यांत हलका पट्टा वाढत गेला, पण मधला त्याच्या जागेवरून हलला नाही.

त्यांनी आणखी एक तपासणी केली. मधल्या पट्ट्यातला डीएनए तापवून त्याचे भाग वेगळे केले, तर एक जड निघाला आणि एक हलका. म्हणजे प्रत्येक भाग आतून एकसंध होता, तुकड्यांची सरमिसळ नव्हती.

त्यांनी निष्कर्ष किती जपून लिहिला हेही बघण्यासारखं आहे. डीएनएमधला नायट्रोजन दोन उपघटकांत सारखा वाटलेला असतो, ते उपघटक पिढ्यान्‌पिढ्या अखंड राहतात आणि प्रत्येक नव्या रेणूला त्यातला एक मिळतो, इतकंच ते म्हणाले. उपघटक म्हणजे नेमका एकेक पेडच, हे आपण दाखवलेलं नाही याची त्यांना जाणीव होती. जितकं मोजलं तितकंच बोलायचं. शोधनिबंध लिहिताना माझे गाईड लाल पेनाने सगळ्यात जास्त खोडतात ते याच जागी.

दुसरं "कशावरून": नक्कल करणारं एंझाइम हेच का?

मेसेलसन-स्टाल प्रयोग चालू होता त्याच सुमारास सेंट लुइसमध्ये आर्थर कॉर्नबर्ग वेगळ्या वाटेने जात होते. त्यांनी ई. कोलायच्या पेशी फोडल्या, आतला रस वेगवेगळ्या भागांत विभागला आणि परीक्षानळीत डीएनए बनवणारं एंझाइम १९५६ मध्ये शोधून काढलं. चार प्रकारचे न्यूक्लिओटाइड, मॅग्नेशियम, साचा म्हणून थोडा डीएनए आणि हे एंझाइम इतकं दिलं की नवीन डीएनए तयार होतो, आणि तो साच्याबरहुकूम. कॉर्नबर्ग यांना १९५९ मध्ये सेव्हेरो ओचोआ यांच्यासोबत नोबेल मिळालं.

म्हणजे प्रश्न सुटला? दहा-बारा वर्षं बहुतेकांना तसंच वाटत होतं. पण काही गोष्टी जुळत नव्हत्या. हे एंझाइम सेकंदाला १० ते २० न्यूक्लिओटाइड जोडतं. ई. कोलायमध्ये नक्कल एका जागेपासून दोन दिशांना सुरू होते, म्हणजे प्रत्येक बाजूला सुमारे २३ लाख जोड्या. सेकंदाला १५ धरले तर किती वेळ लागेल? सुमारे ४२ तास. प्रत्यक्षात ई. कोलाय हे काम ४० मिनिटांत उरकतो, म्हणजे सेकंदाला साधारण १,००० न्यूक्लिओटाइड. शिवाय हे एंझाइम साच्यावरून पटकन सुटतं, थोडं जोडलं की बाजूला होतं.

जॉन केर्न्स यांना ही शंका होती, पण शंका म्हणजे पुरावा नव्हे. त्यांनी प्रश्न असा मांडला: हे एंझाइम नसलेला जिवाणू जगू शकतो का? जगला, तर नक्कल करणारं मुख्य एंझाइम दुसरंच कोणीतरी आहे.

आता अडचण बघा. एरवी उत्परिवर्ती जिवाणू शोधताना आपण काहीतरी चाळणी लावतो. अमुक औषधात जगणारा, अमुक साखरेवर न वाढणारा. इथे शोधायचा होता अगदी नॉर्मल वाढणारा जिवाणू, फक्त आतलं एक एंझाइम नसलेला. बाहेरून काहीच फरक दिसणार नाही. त्यामुळे आडवाट नाही. केर्न्स यांच्या प्रयोगशाळेतल्या पॉला डी लुसिया यांनी रसायनाने उत्परिवर्तनं घडवलेल्या जिवाणूंच्या वसाहती एकेक करून वाढवल्या, प्रत्येकीच्या पेशी फोडल्या आणि प्रत्येकीत पॉलिमरेजची क्रिया मोजली. एकामागून एक, हजारो. हवी होती ती सापडली ३,४७८ व्या क्रमांकावर.

त्या जिवाणूत कॉर्नबर्ग यांच्या एंझाइमची क्रिया जेमतेम एक टक्क्याच्या आसपास उरली होती. तरीही तो नेहमीच्या गतीने वाढत होता. फक्त अतिनील किरणांना तो जास्त बळी पडायचा. हा निबंध १९६९ मध्ये आला. त्या जनुकाचं नाव 'पोलए', आणि त्यातला 'ए' जोडून वाचला की पॉलाचं नाव ऐकू येतं, ते मुद्दामच.

पुढची गोष्ट मला सगळ्यात आवडते. सामान्य पेशीत या पॉलिमरेज १ चे सुमारे ४०० रेणू असतात. त्याच्या गोंगाटात बाकी कोणाचा आवाज ऐकू येत नव्हता. डी लुसियांच्या जिवाणूत तो गोंगाट बंद झाला आणि मागे उरलेली क्षीण क्रिया मोजता येऊ लागली. पॉलिमरेज २ सापडलं १९७० मध्ये, पॉलिमरेज ३ सापडलं १९७१ मध्ये. पॉलिमरेज ३ शोधणाऱ्यांपैकी एक होते थॉमस कॉर्नबर्ग, आर्थर यांचा मुलगा. सहकारी होते माल्कम गेफ्टर.

पण "पॉलिमरेज ३ हेच मुख्य" हे तरी कशावरून? तापमान वाढवलं की नक्कल थांबते असे काही उत्परिवर्ती जिवाणू आधीपासून माहीत होते. त्यातल्या 'डीएनएई' जनुकात बिघाड असलेल्या जिवाणूंमधून पॉलिमरेज ३ वेगळं काढलं, तर ते एंझाइमही उष्णतेने निकामी होत होतं. म्हणजे जनुक बिघडलं की एंझाइम बिघडतं, आणि एंझाइम बिघडलं की नक्कल थांबते. केर्न्स यांचा प्रश्न इथे उलट बाजूने सुटला.

मग पॉलिमरेज १ बिनकामाचं का? अजिबात नाही. ते आरएनएचे तुकडे काढून तिथे डीएनए भरतं आणि खराब झालेला डीएनए दुरुस्त करतं. म्हणूनच तो जिवाणू अतिनील किरणांत टिकत नव्हता. आणि डी लुसियांच्या जिवाणूत या एंझाइमचा डीएनए कुरतडणारा भाग बऱ्यापैकी शाबूत होता, हेही नंतर कळलं. अख्खं जनुकच काढून टाकलं तर ई. कोलाय साध्या माध्यमावर जगतो, पण सकस, भरपूर अन्न असलेल्या माध्यमावर तग धरत नाही. "नसलं तरी चालतं" हे उत्तरही परिस्थितीवर अवलंबून असतं, इतकं यातून शिकायचं.

कॉर्नबर्ग चुकले होते असं कृपया लिहू नका. डीएनए बनवणारं एंझाइम असतं आणि ते साचा वाचतं, हे त्यांनीच दाखवलं. परीक्षानळीत एखादी गोष्ट होऊ शकते, एवढं त्यांच्या प्रयोगातून सिद्ध झालं. पेशीत ती त्याच्याकडूनच होते, हे सिद्ध व्हायचं बाकी होतं.

तिसरं "कशावरून": उलट्या पेडाचं काय?

आता ती दिशेची गोष्ट आठवा. पॉलिमरेज १ असो की ३, प्रत्येक जण नवीन न्यूक्लिओटाइड फक्त ३ प्राइम टोकालाच जोडतो. पण दोन पेड उलट दिशांचे आहेत, आणि ते उलगडतात मात्र एकाच बाजूने, चेन उघडावी तसे. एका पेडावर पॉलिमरेज उलगडणाऱ्या टोकामागे सरळ धावू शकतं. दुसऱ्यावर त्याला उलट दिशेने जावं लागेल. तरी पेशीत दोन्ही पेडांची नक्कल बरोबरीने होताना दिसते. हे कसं?

दोन शक्यता होत्या. एक, ५ प्राइम टोकाला जोडणारं दुसरं एंझाइम असेल, फक्त अजून सापडलेलं नसेल. दोन, उलट पेडावर काम तुकड्या-तुकड्यांनी होत असेल. थोडं उलगडलं की मागे वळून एक तुकडा, पुन्हा थोडं उलगडलं की आणखी एक, आणि शेवटी सगळे सांधायचे.

नागोया विद्यापीठात रेजी आणि त्सुनेको ओकाझाकी या दाम्पत्याने १९६० च्या दशकात हा प्रश्न हातात घेतला. त्यांचा तर्क असा: तुकडे खरंच बनत असतील तर ते लगेच सांधले जात असणार, म्हणून ते नेहमीच्या पद्धतीने दिसणार नाहीत. पण अगदी आत्ता, काही सेकंदांपूर्वी बनलेला डीएनए पकडला तर तो आखूड सापडायला हवा.

त्यांनी ई. कोलायला काही सेकंदांसाठीच किरणोत्सारी थायमिडिन दिलं. जिवाणू फार वेगाने काम करतो, म्हणून तापमान २० अंशांवर आणून त्याला हळू केलं. लगेच क्रिया थांबवली, अल्कलीने पेड वेगळे केले आणि साखरेच्या द्रावणात फिरवून लांबीनुसार विभागले. नवीन डीएनए आखूड तुकड्यांत सापडला, सुमारे १,००० ते २,००० न्यूक्लिओटाइड लांबीचा. थोडा जास्त वेळ दिला तर तीच किरणोत्सारी खूण लांब साखळ्यांत गेलेली दिसली. १९६८ मध्ये हे काम सविस्तर प्रसिद्ध झालं.

आता मुलाखतीत बसलेल्या मॅडमसारखा प्रश्न विचारा: हे तुकडे पेशी फोडताना तुटलेले नसतील कशावरून? उत्तर १९६७ मध्ये सापडलेल्या लायगेजकडे आहे. टी४ विषाणूच्या काही उत्परिवर्ती जातींत लायगेज तापमान वाढवलं की बंद पडतं. तसं केल्यावर आखूड तुकडे साठत गेले. तापमान खाली आणलं की ते जोडले गेले. म्हणजे ते मोडतोडीचा कचरा नसून सांधला जाण्याची वाट बघणारा माल होता. शिवाय एका टोकाकडून तुकडे कुरतडणारी एंझाइम्स वापरून त्यांनी दाखवलं की सगळ्यात ताजी खूण ३ प्राइम टोकाला असते. म्हणजे तुकडाही नेहमीच्याच दिशेने वाढतो. ५ प्राइम टोकाला जोडणारं एंझाइम शोधायची गरजच संपली.

तरी एक खडा दातांखाली यायचाच. हिशेबाप्रमाणे फक्त एका पेडावर तुकडे हवेत, म्हणजे ताज्या खुणेचा साधारण अर्धा भाग आखूड आणि अर्धा लांब. ई. कोलायमध्ये मात्र जवळपास सगळी ताजी खूण आखूड तुकड्यांत दिसायची. दोन्ही पेड तुकड्यांनीच बनतात की काय? १९७७ मध्ये याचं एक कारण कळलं. नक्कल करताना कधीकधी थायमिनच्या जागी युरॅसिल बसतो, दुरुस्तीची यंत्रणा तो उपटून काढते आणि त्या जागी पेड क्षणभर तुटतो. म्हणजे आखूड तुकड्यांपैकी काही हे दुरुस्तीमुळे झालेले होते. न जुळणारा आकडा झाकून न ठेवता लोक त्याच्या मागे लागले, म्हणून हे कळलं.

आणि तुकड्यांच्या सुरुवातीचा आरएनए? पॉलिमरेज कोऱ्या साच्यावर सुरुवात करू शकत नाही, त्याला आधी ३ प्राइम टोक असलेलं काहीतरी लागतं. ते आरएनएचं असतं याचे पुरावे १९७१-७२ मध्ये कॉर्नबर्ग आणि ओकाझाकी या दोघांच्याही प्रयोगशाळांतून आले.

रेजी ओकाझाकी लहानपणी हिरोशिमात होते. १९७५ मध्ये, वयाच्या ४४ व्या वर्षी, ते ल्युकेमियाने गेले. त्सुनेको यांनी ते काम पुढे चालू ठेवलं. आपण पुस्तकात 'ओकाझाकी तुकडे' वाचतो तेव्हा ती एका नव्हे, दोन माणसांची मेहनत आहे, हे मनात असू द्या.

हे सगळं माझ्या टेबलावर कसं आलं

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या हातात एक सुंदर निकाल होता. मातीतला एक जिवाणू सेंद्रिय फॉस्फेटमधून फॉस्फेट मोकळं करतो. मी त्यातलं एक फॉस्फटेज शुद्ध केलं, परीक्षानळीत ते झकास काम करत होतं, आलेख नीट, तीनदा करून तेच. मी निबंधाचं शीर्षकही ठरवलं होतं. गाईडनी सगळं बघितलं आणि विचारलं, "जनुक काढून टाकलंस तर काय होतं?"

जनुक काढायला मला सात महिने लागले. काढलं, आणि जिवाणू त्याच फॉस्फेटवर मजेत वाढला. पहिले दोन दिवस मी कोणाशी बोलले नाही. सात महिने आणि त्याआधीचं वर्ष, सगळं वाया गेल्यासारखं वाटत होतं. मग माझी जुनी वही काढली आणि ३,४७८ वाचलं. माझ्या जिवाणूतही आता गोंगाट बंद झाला होता! त्याच पेशींचा रस पुन्हा विभागला, तेव्हा त्यात दुसरं, कमी प्रमाणातलं एक फॉस्फटेज सापडलं. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण आता त्याच्यावर आहे. पहिल्या एंझाइमचं शीर्षक मात्र बदलावं लागलं. "मोकळं करणारं" ऐवजी "मोकळं करू शकणारं".

तुमच्यासाठी

मुलाखतीला किंवा व्हायवाला जाताना एखादा विषय निवडा आणि त्यातल्या प्रत्येक ठाम वाक्यासाठी चार गोष्टी लिहून काढा:

- हे दाखवणारा प्रयोग कोणता?
- त्या वेळी दुसरी कोणती शक्यता होती, आणि प्रयोगाने ती कशी बाद केली?
- प्रयोगाच्या कोणत्या टप्प्यापर्यंत दोन शक्यता वेगळ्या ओळखता येत नव्हत्या?
- "होऊ शकतं" आणि "होतं" यातलं नेमकं काय दाखवलं गेलं?

सरावासाठी एक प्रश्न देते. समजा मेसेलसन आणि स्टाल यांनी जिवाणू हलक्या माध्यमात वाढवून मग जड माध्यमात टाकले असते, तर दुसऱ्या पिढीत कोणते पट्टे दिसले असते, आणि निष्कर्षात काही फरक पडला असता का? आधी तिन्ही शक्यतांची भाकितं लिहा, मगच उत्तराकडे जा.

आणि कोणी "हे कशावरून?" विचारलं आणि उत्तर येत नसेल, तर "पुस्तकात दिलंय" म्हणू नका. "प्रयोग मला माहीत नाही, पण मी असा तपासला असता" असं म्हणून बघा. दुसऱ्या वर्षी एका प्रश्नाला मी तेच म्हणाले होते. मॅडम त्याच होत्या. त्यांनी खडू माझ्या हातात दिला आणि फळ्याकडे बोट दाखवलं.